अक्कलदाढ अडते तेव्हा



एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. तुम्ही नांदेड जिल्ह्यातल्या देगलूरचे किंवा मुखेडचे आहात. दहावी झाली आणि पुढच्या शिक्षणासाठी तुम्ही लातूरला येऊन राहिलात. एका खोलीत तिघे मित्र, दोन वेळचा डबा, दिवसा वर्ग आणि रात्री अभ्यास. बारावीची सहामाही परीक्षा आठ दिवसांवर आली आहे आणि एके रात्री उजव्या कानात ठणका सुरू होतो. कान दुखतो म्हणून तुम्ही कापसाचा बोळा घालता. दुसऱ्या दिवशी गिळताना घसा दुखतो, म्हणून गुळण्या करता. तिसऱ्या दिवशी डब्यातली भाकरी चावता येत नाही, कारण तोंडच नीट उघडत नाही. मित्र औषधाच्या दुकानातून दोन गोळ्या आणून देतो. घरी फोन केला, तर वडील म्हणतात, "सोयाबीनची रास चालू आहे बाळा. रास झाली की येतो." गोळ्यांनी दुखणे थांबते. सारे विसरून जातात. पंधरा-वीस दिवसांनी ठणका पुन्हा सुरू होतो आणि या वेळी गालही सुजतो.

कान तपासला तर कान निर्दोष. घसा पाहिला तर घसाही निर्दोष. मग चोर कोण? चोर बसला आहे जबड्याच्या अगदी मागच्या कोपऱ्यात, हिरडीच्या पडद्याआड. तिचे नाव अक्कलदाढ. आणि तिचा गुन्हा एवढाच, की तिला बाहेर यायचे आहे पण वाट मिळत नाही.

अशा दाढेला 'अडकलेली दाढ' म्हणतात. ती ओळखायची कशी, ते आज आपण पाहू. हे दुखणे नेमके तुमच्याच वयाच्या उंबरठ्यावर उभे असते. म्हणून हा विषय तुमच्या कामाचा आहे.

आधी दात मोजा

आरसा घ्या, उजेडाकडे तोंड करा आणि मोजायला लागा. तोंडाचे चार समान भाग कल्पा : वरचा उजवा, वरचा डावा, खालचा उजवा आणि खालचा डावा. पूर्ण वाढ झालेल्या माणसाच्या प्रत्येक भागात मधोमधपासून मागे जाताना २ पटाशीचे दात, १ सुळा, २ उपदाढा आणि ३ दाढा असतात. म्हणजे एका भागात ८ आणि चारही भागांत मिळून ३२. दुधाचे दात मात्र फक्त २० असतात. त्यांत उपदाढा नसतात.

तुम्ही नववी-दहावीत असाल तर बहुधा २८ दात भरतील. घाबरू नका, चार दात हरवलेले नाहीत. तीन दाढांचे वेळापत्रकच ठरलेले आहे. पहिली दाढ सुमारे ६ व्या वर्षी येते. ती दुधाच्या दातांच्या मागे गुपचूप उगवते, म्हणून पुष्कळ पालक तिला दुधाचीच समजतात. दुसरी दाढ १२ व्या वर्षाच्या आसपास येते. तिसरी येते १७ ते २५ या वयात. हीच अक्कलदाढ.

पण ती १७ व्या वर्षी अचानक तयार होत नाही. तिची घडण जबड्याच्या हाडात साधारण ८ ते १० व्या वर्षीच सुरू होते. तुम्ही आठवी-नववीत असता तेव्हा तिचा माथा हाडाच्या आत बराचसा घडलेला असतो. मग मुळे वाढू लागतात आणि दाढ हळूहळू हिरडीकडे सरकते.

एक दाढ, अनेक नावे

माणसाला चार अक्कल येण्याच्या वयात उगवते म्हणून ही अक्कलदाढ. 'अक्कल' हा शब्द आपल्याकडे अरबीतून फारसीमार्गे आला आणि अरबीतही या दाढेला 'बुद्धीची दाढ' अशाच अर्थाचे नाव आहे. लॅटिन आणि इंग्रजीतही तसेच. जपानी भाषेतले नाव मोठे गमतीचे आहे. 'आईबापांना ठाऊक नसलेली' असा त्याचा अर्थ होतो, कारण ती येते तोवर मूल मोठे होऊन घराबाहेर पडलेले असते. लातूरच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला हे जपानी नाव अगदी चपखल बसते, नाही का?

जागा का पुरत नाही?

आता नांदेडहून लातूरला निघालेली एसटीची बस डोळ्यांसमोर आणा. तुमचा खालचा जबडा म्हणजे ही बस आणि तिच्यात १६ जागा. प्रवासी एकामागून एक येतात आणि बसतात. अगदी शेवटी दोन प्रवासी येतात. बस ऐसपैस असेल तर तेही आरामात बसतात. पण बसच थोडी आखूड निघाली तर? एखादा दारातच तिरका अडकतो, एखादा पुढच्याच्या पाठीत कोपर खुपसतो, तर एखादा आडवा होतो.

अक्कलदाढेचेही तसेच होते. कधी ती पुढे झुकते आणि तिचा माथा दुसऱ्या दाढेच्या अंगात रुततो. हा प्रकार सर्वांत जास्त आढळतो. कधी ती सरळ उभी असते पण अर्धीच वर येते. कधी मागे कलते, तर कधी हाडात चक्क आडवी पडून राहते. जगभरातल्या अनेक पाहण्या एकत्र करून २०१६ साली एक अंदाज प्रसिद्ध झाला. त्यानुसार सुमारे २४ टक्के लोकांची निदान एक तरी अक्कलदाढ अडकलेली असते. वरच्यापेक्षा खालच्या जबड्यात हे अधिक घडते. याउलट काही भाग्यवंतांना एखादी किंवा चारही अक्कलदाढा मुळात नसतातच.

बस आखूड का झाली? आपल्या पूर्वजांना कच्चे कंद, चिवट मांस आणि कठीण दाणे चावावे लागत. अग्नी, दगडी हत्यारे आणि पुढे शेती आली आणि अन्न मऊ झाले. जबड्याचे हाडही स्नायूंसारखे आहे. वाढीच्या वयात त्याला काम मिळाले तर ते चांगले वाढते. २००४ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी हायरॅक्स नावाच्या सशाएवढ्या आफ्रिकी प्राण्यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही पिल्लांना कच्चे, वाळलेले अन्न दिले आणि काहींना तेच शिजवून मऊ केलेले. मऊ अन्न खाणाऱ्यांच्या चेहऱ्याच्या खालच्या व मागच्या भागाची वाढ सुमारे १० टक्के कमी भरली. अक्कलदाढेची जागा नेमकी तीच! आनुवंशिकतेचाही वाटा आहेच. आईचा लहान जबडा आणि वडिलांचे मोठे दात एकाच मुलाच्या वाट्याला येऊ शकतात.

म्हणून वाढत्या वयातल्या धाकट्या भावंडांना कडक भाकरी, ऊस, भुईमुगाच्या शेंगा चावून खाऊ द्या. पण सतराव्या वर्षी ऊस चावून जबडा लांब होईल, या भ्रमात राहू नका. तोवर जबड्याची वाढ जवळजवळ संपत आलेली असते.

हे दुखणे केवळ आजचे नाही. फ्रान्समधील काप ब्लाँ येथे हिमयुगातल्या एका स्त्रीचा सांगाडा सापडला. तो सुमारे १३,००० ते १५,००० वर्षांपूर्वीचा मानतात आणि आज शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आहे. अक्कलदाढा दिसत नाहीत म्हणून ती आधी अल्पवयीन मुलगी समजली गेली. पुढे क्ष-किरणांनी पाहिले तर दाढा जबड्यातच अडकलेल्या! वयाचा अंदाज बदलावा लागला. ती पंचविशी ओलांडलेली स्त्री होती. दाढ दिसत नाही म्हणजे दाढ नाही असे नव्हे, हा धडा त्या सांगाड्याने शास्त्रज्ञांना दिला. तो आपणही लक्षात ठेवू.

लक्षणे आणि त्यांची कारणे

लक्षणे नुसती पाठ करू नका. प्रत्येकामागचे कारण समजले की ती आपोआप लक्षात राहतात.

१. हिरडी लाल होणे व सुजणे. अर्धवट वर आलेल्या दाढेवर हिरडीचा एक पदर झडपेसारखा लोंबत राहतो. त्याच्याखाली एक खोबण तयार होते. तिच्यात अन्नाचे कण शिरतात पण ब्रश पोचत नाही. ऊबदार, ओली आणि हवा कमी असलेली जागा मिळाल्यावर जीवाणूंची चंगळ होते. पदर सुजतो, वरची दाढ त्यावर आपटते, म्हणून तो आणखी सुजतो. अडकलेल्या दाढेचे हे सर्वांत नेहमीचे दुखणे आहे.

२. ठणका, आणि तोही भलत्याच ठिकाणी. खालच्या जबड्याच्या दातांची संवेदना मेंदूकडे नेणारी तंत्रिका आणि कानाच्या पुढच्या भागाची व कानशिलाची संवेदना नेणारी तंत्रिका या एकाच मोठ्या तंत्रिकेच्या शाखा आहेत. एकाच तारेवरून दोन घरांचे निरोप आले की कोणत्या घरी आग लागली, हे मेंदूला नक्की कळत नाही. म्हणून दाढ दुखते आणि आपण कानात कापूस घालतो.

३. तोंड पूर्ण न उघडणे. सूज चावण्याच्या स्नायूंपर्यंत पोचली की ते आखडतात. याची एक सोपी कसोटी आहे. आपली तर्जनी, मधले बोट आणि अनामिका एकमेकांना चिकटवून, एकावर एक अशी उभी धरा आणि समोरच्या दातांमध्ये घालून पाहा. निरोगी माणसाची तीन बोटे सहसा सहज मावतात. दोनच किंवा एकच बोट मावू लागले तर ते गंभीर समजा.

४. तोंडाला दुर्गंधी आणि घाणेरडी चव. खोबणीत कुजणारे अन्न व पू हे याचे कारण. दात घासूनही वास जात नाही आणि मागच्या कोपऱ्यातून खारट-कडवट चव येते.

५. जबड्याखाली गाठ येणे. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, हे तुम्ही पाहिले असेल. तसेच हे जबड्याखालचे अवधाण. लसीका ग्रंथी जीवाणूंशी लढताना फुगतात आणि दाबल्यास दुखतात.

६. गिळताना दुखणे आणि बारीक ताप. खालची अक्कलदाढ घशाच्या अगदी शेजारी असते, म्हणून सूज घशाकडे सरकते.

७. पुढची दाढ किडणे. अक्कलदाढ टेकून बसलेली असेल तर दोघींच्या फटीत अन्न साचते आणि भली धडधाकट दुसरी दाढ पोखरली जाते. गोडाने किंवा थंड पाण्याने मागच्या बाजूला कळ आली तर ही शंका घ्यावी.

यांतले एकच लक्षण असले म्हणजे दाढ अडकलीच, असे नाही. पण वय १७ ते २५, दुखणे सर्वांत मागे आणि तेही थांबून-थांबून परत येणारे, असे तिन्ही जुळले तर दंतवैद्याकडे जायला उशीर करू नका. दुखणे थांबले म्हणजे रोग बरा झाला, ही समजूत येथे हमखास फसवते. जीवाणू थोडे मागे हटतात इतकेच. खोबण तशीच असते.

सुळाही अडकतो

हायस्कूलच्या विद्यार्थ्यांनी हा भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा. अक्कलदाढेखालोखाल अडकतो तो वरचा सुळा. तो ११-१२ व्या वर्षी यायला हवा. एका बाजूचा सुळा येऊन सहा महिने झाले तरी दुसऱ्या बाजूचा पत्ता नसेल, किंवा तेराव्या वर्षीही दुधाचा सुळा हलत नसेल, तर दंतवैद्याला दाखवा. याला बहुधा काहीच दुखत नाही. म्हणूनच तो राहून जातो. आणि हा दात काढायचाच असतो असे नाही. हिरडी थोडी उघडून, त्याला लहानशी कडी चिकटवून, तारेने काही महिन्यांत हळूहळू ओढून रांगेत आणता येते. जितक्या लवकर कळेल तितके हे काम सोपे.

दुसरे चोर ओळखा

तोंड न उघडण्याची आणखी कारणे आहेत आणि ती येथे सांगितलीच पाहिजेत.

पहिले, धनुर्वात. जखमेनंतर काही दिवसांनी दातखीळ बसू लागली तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे.

दुसरे, सुपारी आणि गुटखा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरी पुड्या कोठे मिळतात हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. सतत सुपारी चघळल्याने गालाच्या आतली त्वचा पांढुरकी, ताठ आणि दोरखंडासारखी होते. तोंड महिन्यामहिन्याला थोडे थोडे कमी उघडते आणि तिखट सोसत नाही. अक्कलदाढेमुळे तोंड दोन-चार दिवसांत आखडते आणि सूज उतरली की मोकळे होते. सुपारीमुळे आखडलेले तोंड आपोआप मोकळे होत नाही आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. तीन बोटांच्या कसोटीत कोणी मित्र नापास झाला तर त्याची थट्टा करू नका. त्याला सोबत घेऊन दवाखान्यात जा.

अठरा महिन्यांची सूज आणि २३२ दात

लक्षणाकडे वेळेवर पाहणे किती मोलाचे आहे, याचे आपल्याच राज्यातले एक विलक्षण उदाहरण आहे. मराठवाड्याला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या एका १७ वर्षांच्या मुलाच्या जबड्याला उजव्या बाजूने सूज होती. जवळपास १८ महिने तो हे दुखणे सोशीत होता आणि गावाकडे निदान होत नव्हते. कर्करोग तर नसेल ना, या धास्तीने वडील त्याला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात घेऊन आले. जुलै २०१४ मध्ये तेथील दंतविभागात शस्त्रक्रिया झाली. सुमारे सात तास चाललेल्या या शस्त्रक्रियेत शल्यविशारदांना छिन्नी-हातोडीचाही वापर करावा लागला आणि जबड्यातून मोत्यांसारखे लहान-मोठे असे २३२ दात निघाले!

ही नेहमीची अडकलेली दाढ नव्हती. दात घडवणाऱ्या पेशींची ती साधी, कर्करोग नसलेली गाठ होती. तिला ओडोंटोमा म्हणतात. एरवी अशा गाठी लहान असतात आणि पुष्कळदा एखाद्या दाताची वाट अडवून बसतात. म्हणजे दात न येणे हेच त्यांचे पहिले लक्षण असते. मुलगा बरा झाला. पण ते अठरा महिने परत मिळाले नाहीत.

अडकलेल्या दाढेभोवती कधीकधी पाण्याची पिशवीही तयार होते. ती वर्षानुवर्षे न दुखता वाढते आणि जबड्याचे हाड आतून पातळ करते. म्हणजे मुकी दाढही निर्धोक असेलच असे नाही. मग आत काय चालले आहे ते कळायचे कसे?

हाडापलीकडची नजर

विल्हेल्म राँटगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरण शोधले. त्यानंतर दोन-तीन महिन्यांतच, १८९६ च्या आरंभी, जर्मनीतले दंतवैद्य ओटो वाल्कहोफ यांनी स्वतःच्या दातांचे क्ष-किरण चित्र घेतले. त्यासाठी त्यांना २५ मिनिटे स्थिर राहावे लागले. आज त्याच कामाला सेकंदाचा अंश पुरतो. अक्कलदाढेसाठी बहुधा पूर्ण जबड्याचे चित्र घेतात. यंत्र डोक्याभोवती अर्धवर्तुळात फिरते आणि दोन्ही कानांमधले सारे दात एका लांबट चित्रात उलगडून दिसतात.

या चित्रात दंतवैद्य मुख्यतः चार गोष्टी पाहतात. दाढ कशी कलली आहे, मुळे किती व कशी वाढली आहेत, पुढच्या दाढेला इजा झाली आहे का आणि खालच्या ओठाची संवेदना नेणारी तंत्रिका मुळांपासून किती दूर आहे. ही तंत्रिका हाडातल्या एका बोगद्यातून जाते. दाढेची मुळे बोगद्याला चिकटलेली असतील तर शस्त्रक्रिया जपून करावी लागते, नाहीतर ओठ काही काळ, क्वचित कायमचा, बधिर राहू शकतो.

दवाखान्यात पोचेपर्यंत

हे करा : ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा भरा. मऊ ब्रशने मागच्या कोपऱ्यातले अन्न अलगद काढा. वरण-भात, दूध-भाकरी कुस्करून असे मऊ अन्न खा. पाणी भरपूर प्या. तापाची-दुखण्याची साधी गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून आणि ठरलेल्या प्रमाणातच घ्या.

हे करू नका : ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवू नका. ते आम्ल आहे. त्याने हिरडी भाजते आणि पांढरी पडते. मशेरी किंवा तंबाखू लावू नका. क्षणभर बधिर वाटते, पण जखम चिघळते आणि व्यसन जडते ते वेगळेच. लवंगेच्या तेलातल्या युजेनॉलमुळे दुखणे थोडा वेळ कमी होते हे खरे. पण थेंबभर तेल पुरे, अधिक झाल्यास तेही भाजते आणि त्याने दाढ काही सरळ होत नाही. डॉक्टरांना न विचारता सुजलेल्या गालावर बाहेरून गरम शेक देऊ नका. दुकानातून चार प्रतिजैविक गोळ्या आणून दोन घ्यायच्या आणि दोन ठेवून द्यायच्या, हे तर मुळीच नको.

मध्यरात्रीही थांबू नये अशी लक्षणे

जीभ वर उचलली जाऊ लागणे, जिभेखाली किंवा गळ्यावर ताठ सूज येणे, लाळ गिळता न येणे, आवाज बदलणे, श्वास अडणे आणि थंडी वाजून ताप भरणे. यांपैकी काही दिसले तर सकाळची, परीक्षेची किंवा राशीची वाट पाहू नका. जंतुसंसर्ग जबड्यातून गळ्यात उतरतो आहे, असा याचा अर्थ होऊ शकतो. जर्मन वैद्य लुडविग यांनी १८३६ साली या अवस्थेचे वर्णन केले. प्रतिजैविके येण्यापूर्वी हिने निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत. आज वेळेवर रुग्णालय गाठले तर प्राण वाचतात. 'वेळेवर' हा शब्द मात्र महत्त्वाचा.

उपचार काय?

प्रत्येक अक्कलदाढ काढलीच पाहिजे असे नाही. सरळ आलेली, चावण्याच्या कामी येणारी आणि स्वच्छ ठेवता येणारी दाढ खुशाल राहू द्यावी. ब्रिटनमध्ये २००० सालीच अशी मार्गदर्शक सूचना निघाली, की निरोगी अक्कलदाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये. पण वारंवार सुजणारी, किडलेली, शेजारणीला पोखरणारी किंवा पिशवी धरलेली दाढ काढणेच श्रेयस्कर.

सूज ताजी असेल तर दंतवैद्य आधी खोबण धुऊन संसर्ग आटोक्यात आणतात. नंतर इंजेक्शनने जागा बधिर करून हिरडी उघडतात, आड येणारे थोडे हाड कोरतात, गरज पडल्यास दाढेचे तुकडे करून ते काढतात आणि टाके घालतात. दाब जाणवतो, पण दुखत नाही. हे भाग्य फार जुने नाही. ११ डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेतील दंतवैद्य होरेस वेल्स यांनी नायट्रस ऑक्साइड वायू हुंगून स्वतःचीच एक दाढ काढून घेतली, तेव्हा कोठे वेदनेवाचून दाढ काढता येते, हे लोकांना कळू लागले.

दाढ काढल्यावर खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते. ती म्हणजे निसर्गाची मलमपट्टी. पहिले २४ तास जोराने चूळ भरली, सतत थुंकले, नळीने पेय ओढले किंवा तंबाखू खाल्ली, तर गुठळी निघून जाते. मग हाड उघडे पडून तीन-चार दिवसांनी भयंकर ठणका लागतो.

राहिले दोन गैरसमज. वरची दाढ काढली की डोळे जातात, असे अनेक घरांत आजी-आजोबा सांगतात. दाताची आणि दृष्टीची तंत्रिका वेगवेगळ्या आहेत. डोळ्याला काही होत नाही. आणि अक्कलदाढ काढल्याने अक्कल जाते म्हणावे, तर ती मेंदूत असते, जबड्यात नव्हे!

आता तुम्ही काय कराल?

एक छोटी पाहणी करा. वहीत चार रकाने आखा : वय, एकूण दात, अक्कलदाढा किती आणि तीन बोटांची कसोटी. घरातल्या सर्वांची, शेजारच्या ताई-दादांची आणि आजी-आजोबांची नोंद घ्या. लहानपणी कडक भाकरी खाल्लेल्या आजीला जागा पुरली होती का, हे तिलाच विचारा. वर्गातल्या सगळ्यांच्या नोंदी एकत्र करून शिक्षकांच्या मदतीने आलेख काढा. बोटे घालण्यापूर्वी हात मात्र साबणाने धुवा आणि प्रत्येकाने स्वतःचीच बोटे वापरावीत.

शिक्षकांनाही एक विनंती आहे. अकरावी-बारावीचा मुलगा 'कान दुखतो' म्हणून महिन्यात दुसऱ्यांदा गैरहजर राहिला, तर त्याला तोंड उघडून दाखवायला सांगा. नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत दंत महाविद्यालये आहेत, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयेही आहेत. तेथील बाह्यरुग्ण विभागात तपासणी आणि क्ष-किरण चित्र सहसा थोडक्या खर्चात होते. सकाळी गेलेला विद्यार्थी बहुधा दुपारच्या वर्गाला परत येऊ शकतो.

आणि वडिलांना फोन कराल तेव्हा नुसते 'दुखते आहे' असे सांगू नका. 'सर्वांत मागची दाढ, उजवी बाजू, खाली. महिन्यात दुसऱ्यांदा सूज. तोंडात दोनच बोटे मावतात,' असे सांगा. इतके नेमके सांगितले, तर रास चालू असली तरी ते म्हणतील, "तू आजच दाखवून घे. पैशाचे मी बघतो."